कोरियाची पांढरी डबी

६ जानेवारी

डॉक्टर बाईंनी सांगितलं म्हणून ही वही. सरकारी दवाखान्यात त्वचेच्या विभागाबाहेर आज तीन तास बसले, आत चार मिनिटं मिळाली. त्यांनी माझी मान, कोपरांची आतली बाजू आणि पापण्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "एक्झिमा आहे. हा कायमचा जात नाही, पण सांभाळला तर गप्प बसतो. रोज लिहीत जा. काय लावलं, काय झालं, खाज दहापैकी किती."

एक ट्यूब लिहून दिली. सात दिवस, दिवसातून एकदा, पातळ थर. शिवाय बिनवासाचं साधं मलम, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं.

ट्यूब घेतली आणि रिक्षातच आतला घडीचा कागद उघडून वाचला. त्यात स्टेरॉइड आहे. घरी येऊन मोबाइलवर दोन तास त्याच्याबद्दल वाचलं. त्वचा पातळ होते, सवय लागते, सोडलं की उलटतं. ट्यूब आता कपाटात कपड्यांच्या खाली आहे. लावलेली नाही. डॉक्टर बाईंना हे सांगायचं की नाही ते ठरलं नाही, पण या वहीत खोटं लिहायचं नाही एवढं ठरवलं आहे.

खाज सात.

८ जानेवारी

खाज आठ. थंडी फार आहे. आज बाकी काही नाही.

११ जानेवारी, रविवार

आईचा द्राक्षांचा हंगाम सुरू झाला. सकाळी सहाला आडगाव नाक्यावर पिकअप येते, ती पिंपळगावकडच्या पॅकहाऊसवर जाते. दिवसभर उभं राहून परदेशी जाणारी द्राक्षं निवडायची आणि डब्यांत भरायची. आज सुट्टी होती म्हणून घरी होती, आणि आजच मी तोंड जाळून घेतलं.

गेला आठवडाभर मी कोरियन क्रीमांबद्दल वाचते आहे. त्यांची पद्धत मला पटली. घासायचं नाही, सोलायचं नाही, त्वचेला शांत करायचं. काही लोक दहा-दहा थर लावतात, तेवढी ताकद माझ्या कातडीत नाही. म्हणून फक्त एक लहान बाटली मागवली होती, टोनरची. नाव मऊ, बाटली मऊ, आणि आत संत्र्याच्या सालीचं तेल. ते यादीत सोळाव्या नंबरवर होतं, लावल्यानंतर वाचलं.

"दिपे, तोंडाला काय झालं गं?"

"टोनर लावलं."

"टोनर म्हंजी?"

"तोंड धुतल्यावर लावायचं पाणी असतं."

"पाण्यावर पाणी? आन ते बी इकत?" आईने माठातल्या पाण्यात पदराचं टोक बुडवून माझ्या डोळ्यांवर ठेवलं. "शिकून लय शानी झालीस."

मी नियम केले आहेत. एका वेळी एकच वस्तू. वास नको, रंग नको, कसलंही तेल नको. घटक जितके कमी तितकं बरं. आधी तीन दिवस कोपराच्या आत लावून पाहायचं. आणि वाचल्याशिवाय लावायचं नाही. हा शेवटचा नियम मी मोडावा याची मला लाज वाटते. घरात वाचणारी मीच आहे. आई शाळेत गेलीच नाही. धम्मपालदादाची शाळा दुसरीत सुटली. रेशनचा कागद, दवाखान्याचा कागद, शेजारच्यांच्या नोटिसा, सगळं माझ्यापुढे येतं, आणि मी एकदा वाचलं की कोणी पुन्हा विचारत नाही.

खाज नऊ.

१५ जानेवारी

शालिमारजवळच्या चष्म्याच्या दुकानात मी काउंटरला असते. चष्मा बसवायचा म्हणजे माणसाच्या चेहऱ्याजवळ चेहरा न्यावा लागतो. आज एका बाईंच्या कानामागे काडी बसवत होते, तर त्यांनी मान एकदम मागे घेतली.

"तुम्ही नका. त्या दुसऱ्या मुलीला सांगा."

"हे पसरत नाही, मॅडम."

"हो हो. पण तिलाच सांगा."

शेखर सरांनी पाहिलं. संध्याकाळी म्हणाले, "दीपमाला, थोडे दिवस आत काचा बसवायला बसतेस का? तुलाही जरा आराम." मी हो म्हणाले. आराम नकोय मला.

दुसरी मुलगी म्हणजे निकिता. ती मोबाइलवरच्या ग्रुपमधून कोरियन वस्तू विकते, कोणीतरी मुंबईहून पाठवतं. जाताना तिने पर्समधून एक पांढरी डबी काढली. वर हिरवं पान. "ताई, घे. सेंटेला, पॅन्थेनॉल, सिरॅमाइड. वास नाही, रंग नाही. तान्ह्या बाळासारखं मऊ काम."

"आधी वाचते."

"वाच बाई. तू तर देवाच्या दारातसुद्धा आधी पाटी वाचशील."

दुकानातलं भिंग घरी आणलं. इंग्रजीत तेवीस घटक होते, एकेक वहीच्या मागच्या पानावर उतरवला आणि शोधला. सेंटेला म्हणजे आपली मंडूकपर्णी. आईला पानाचा फोटो दाखवला तर म्हणाली, "हे तर आमच्या गावच्या ओहोळाला उगवायचं. म्हशी तुडवायच्या."

बाकी सगळं कोरियन अक्षरांत होतं. आई माझ्या खांद्यावरून बघत होती.

"हितं काय लिव्हलंय?"

"माहीत नाही."

"तुला बी येत नाय?"

"ती अक्षरं वेगळी आहेत, आई."

ती डबी हातात घेऊन बराच वेळ फिरवत बसली. मला उगाच वाटलं की तिला जरा बरं वाटतंय, पण तसं काही नसेल. "गोल गोल हायेत," ती म्हणाली. "बरी दिसत्यात."

मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून पाहिलं. आलं ते असं: 'शांत पान त्वचा मिठी. लहान मूल सुद्धा शांत.' अर्थ लागतो तसा. लहान मुलांनाही चालतं.

१८ जानेवारी, रविवार

कोपराच्या आत तीन दिवस लावलं. काहीही झालं नाही. उलट तेवढीच जागा गुळगुळीत झाली आहे. उद्यापासून मान आणि चेहरा.

२२ जानेवारी

खाज एक.

पुन्हा लिहिते, एक. तीन दिवसांत. सकाळी आरशात पापण्या पाहिल्या तर त्या पापण्यांसारख्या दिसत होत्या. वर्षभरात प्रथमच रुमाल न बांधता स्कूटीवर गेले. निकिताने काउंटरवरूनच ओरडून विचारलं, "कोण गं तू?"

शेखर सर म्हणाले, सोमवारपासून बाहेर बस.

डॉक्टर बाईंची ट्यूब न लावता हे झालं याचा मला थोडा अभिमान वाटतो. वाटू नये, पण वाटतो.

१ फेब्रुवारी, रविवार

ओझरला दादाकडे गेलो, आई आणि मी. दादाची तेजू आठ महिन्यांची झाली. दोन्ही गाल खरखरीत, लाल, मधे चिरा. दुधाचा थेंब लागला तरी रडते. स्नेहा वहिनीने तिच्या हातांना दादाचे मोजे घातले होते.

"ताई, तुम्हाला पण हेच होतं ना? मग तुमचं कसं गेलं?"

मी पर्समधली डबी दाखवली. वहिनी आठवी शिकलेली आहे, तिला मराठी वाचता येतं. डबी उलटीसुलटी करून माझ्याकडे परत दिली.

"बाळाला चालेल?"

"चालतं असं लिहिलंय."

थोड्या वेळाने चहा गाळताना, "नक्की चालेल ना? मी डॉक्टरला दाखवणार होते." मी म्हणाले, यात वास नाही, तेल नाही, स्टेरॉइड नाही, तेवीसच्या तेवीस घटक मी तपासलेत. आणि निघताना दारात पुन्हा, "ताई, खरंच लावू?"

"लाव गं. आधी तीन दिवस हाताला लावून बघ."

दादा हसला. "तिनं वाचलंय म्हटल्यावर झालं की. आपल्या घरची वकील हाय ती."

निकिताला तेजूसाठी एक नवी डबी सांगितली आहे. परवा दादा दुकानावरून घेऊन जाईल.

१० फेब्रुवारी

वहिनीने फोटो पाठवला. गाल लोण्यासारखे. खाली लिहिलंय, 'तुमच्यामुळे.' दुकानात तीनदा उघडून पाहिला.

निकितानेही एक गंमत केली. माझ्या वहीच्या मागच्या पानाचा, घटकांच्या यादीचा फोटो तिने मागेच काढून घेतला होता. तो ग्रुपवर टाकून लिहिलं, 'आमच्या दीपमाला ताईंनी एकेक घटक भिंगाने तपासला आहे.' अकरा जणींनी डबी घेतली म्हणे. मला विचारायला हवं होतं तिने. पण अक्षर चांगलं आलंय फोटोत.

१७ फेब्रुवारी

डबी परवा संपली आणि नवी आज मिळाली. मधले दोन दिवस फार वाईट गेले. चेहऱ्याला नुसती आग. खाज नव्हे, आग. पूर्वी पापण्यांवर असायचं ते आता सगळ्या गालांवर होतं. शेखर सरांना पोट बिघडलं असं सांगून घरी राहिले.

नवी डबी लावली आणि दोन तासांत शांत. म्हणजे माझ्या त्वचेला हे किती लागतं! द्राक्षांच्या बागांवर सध्या औषधं मारतात, त्या हवेने आग झाली असावी.

२० फेब्रुवारी

वहिनीचा फोन. एक दिवस लावायचं राहिलं तर तेजूचे गाल पेटतात, म्हणून आता ती दिवसातून तीन वेळा लावते. चालेल का?

मी म्हणाले मलाही तसंच झालं होतं, हवा खराब आहे, लावत राहा.

माझ्या गालांवर बारीक लव आली आहे. पूर्वी नव्हती. आणि नाकाशेजारी केसासारख्या बारीक लाल रेघा दिसतात, भिंगातून पाहिलं. ऊन वाढलं आहे. खाज शून्य.

२४ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

आईला सुट्टी होती, द्राक्षाचा माल उशिरा येणार होता. घरातली कोणतीही रिकामी डबी ती टाकत नाही. माझी संपलेली पांढरी डबी तिने बटणं ठेवायला धुऊन घेतली होती. मी जेवत होते. ती दारातल्या उन्हात बसली, एका हातात जुनी डबी, दुसऱ्या हातात नवी.

"दिपे, ही कवा घेतली?"

"जानेवारीत."

"आन ही?"

"मागच्या आठवड्यात."

"मग दोन्हीवर तारीख येकाच जाग्यावर कशी बसली?"

मी म्हणाले, एकाच दिवशी बनलेला माल असेल, तारीख तीच असणार.

"तारीख तीच असू दे. मी जागा म्हनते." ती डबी माझ्या ताटाजवळ घेऊन आली. "आमच्याकडं डब्यावर नाव, गाव, द्राक्षाचं चित्र, समदं छापून येतं. तारीख छापून येत नाय. माल ज्या दिवशी भरला त्या दिवशी मागून मारतात. मशीन मारतंय, तरी येकावर वर बसती, येकावर खाली, येकावर निम्मी. मागून मारलेली म्हनून ती सरकती. दहा वर्सं बघत्ये मी. अन नखानं खरवडली तर निघती. ही बघ." तिने खरवडलं. काही निघालं नाही. "ही लेबलासंगंच छापलीय. मलम भरायच्या आधीच ह्येंला ठाऊक व्हतं व्हय, कवा भरनार ते?"

मी उष्ट्या हाताने भिंग आणलं. दोन्ही डब्यांवर तारखेचा शेवटचा आकडा त्याच पानाच्या देठाला चिकटलेला. शाई तीच, वरचा चकाकता थर तोच. केसभरही फरक नाही.

मी ती तारीख वाचली होती. मुदत संपायला दोन वर्षं आहेत एवढं पाहून पुढे गेले होते. छापलेलं आहे म्हणजे कोणीतरी जबाबदारीने छापलेलं आहे, असं मी धरूनच चालते. शाळा-कॉलेजात वर्षानुवर्षं तेच करत आले.

"असं का करतील?" मी विचारलं.

"ते मला काय म्हाईत? पन जो तारीख खोटी मारतो, तो आतला माल खरा भरतो व्हय?"

दोघींना एकच आठवलं असणार. आईने आधी म्हटलं.

"तेजूला."

२५ फेब्रुवारी

दुकानात न जाता सकाळी आठला दवाखान्यात नंबर लावला. डॉक्टर बाईंपुढे दोन्ही डब्या आणि ही वही ठेवली. त्यांनी पानं उलटली.

"मी दिलेली ट्यूब?"

"लावली नाही."

"का?"

"त्यात स्टेरॉइड होतं."

त्या हसल्या नाहीत. माझा चेहरा उजेडाकडे वळवून पाहिला. "तीन दिवसांत बरं. सोडलं की आग. गालावर लव, लाल रेघा. तपासणीशिवाय लिहून देणार नाही, पण वीस वर्षं मी हेच बघते आहे. यात स्टेरॉइड आहे, आणि मी दिलेल्यापेक्षा पुष्कळ जहाल. मी दिलेलं सौम्य होतं आणि सात दिवसांचं होतं. हे तू महिनाभर चोपडलंस."

"मला वाटलं कोरियाचं..."

"कोरियाला कशाला नावं ठेवतेस? हे तिथलं नसणारच. खरं असतं तर तीन दिवसांत काहीही झालं नसतं. चांगलं क्रीम कंटाळवाणं असतं, हळूहळू काम करतं." त्यांनी पेन उचललं. "घरात आणखी कोणी लावतं?"

"भाची. आठ महिन्यांची."

पेन थांबलं. "किती दिवस?"

"तीन आठवडे. हल्ली दिवसातून तीनदा."

"आत्ता फोन कर. एकदम बंद करू नका म्हणावं, आज एकदाच लावा. उद्या सकाळी इथे घेऊन यायचं. तान्ह्या अंगात हे आत शोषलं जातं. रक्त बघावं लागेल."

बाहेर येऊन फोन केला. वहिनीला म्हणाले, डॉक्टर बाईंना तेजूला बघायचंय, आज क्रीम एकदाच लाव. "का हो ताई?" असं तिने विचारलं. मी म्हणाले, उद्या सांगते. वहीत खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते, मला भीती वाटली.

२६ फेब्रुवारी

दादा, वहिनी, तेजू साडेआठला आले. तेजूने माझ्याकडे हात केले. बाकावर बसल्यावर मी सगळं सांगितलं. मधे थांबले नाही, थांबले असते तर रडले असते, आणि रडायचा हक्क माझा नव्हता.

वहिनीने पूर्ण ऐकलं. तेजूला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं.

"मी तीनदा विचारलं होतं तुम्हाला."

दादा म्हणाला, "अगं, तिला तरी काय ठाऊक?"

"ठाऊक नव्हतं तर ठाऊक नाही म्हणायचं."

रक्त काढताना तेजूच्या हाताची शीर सापडत नव्हती. दोनदा टोचलं. मी दाराबाहेर होते. वहिनीने आत यायला नको म्हटलं नव्हतं, पण मी गेले नाही. डॉक्टर बाईंनी तेजूला सौम्य मलम दिलं आहे, रोज, मग दिवसाआड, मग बंद. सोबत नुसतं साधं मलम. त्या म्हणाल्या, औषध उतरताना गाल उलटतील, महिनाभर रडेल, घाबरून पुन्हा ती डबी उघडू नका. मला तेच, फक्त मी रडले तर कोणी विचारणार नाही.

अहवाल सोमवारी.

२८ फेब्रुवारी

निकिता आधी चिडली. "मी पण लावते ना! मी तुला मुद्दाम दिलं का?" नाही दिलं, मला माहीत आहे. मग म्हणाली, "आणि ताई, तूच तर तपासलं होतंस."

तिने माझ्या वहीचा फोटो ग्रुपवरून काढला. अकरा जणींचे नंबर द्यायला तयार नव्हती, मी काउंटरवर तिच्यासमोर उभी राहिले, शेवटी दिले. दुपारच्या सुट्टीत सात जणींना फोन केले, संध्याकाळी चार. एकीने फोन आपटला. एकीला तिसऱ्यांदा सांगावं लागलं की एकदम बंद करू नका, डॉक्टरला दाखवा. देवळालीच्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, "तेव्हाही तुम्ही खात्रीने लिहिलं होतं. आता खात्रीने सांगताय. मी कोणतं खरं धरू?"

मी म्हणाले, मला विचारू नका, डॉक्टरला विचारा. आधीच असं म्हटलं असतं तर.

जहाल डबी मी डॉक्टर बाईंकडे ठेवली आहे, त्या तपासणीला पाठवतील. आग सुरू झाली आहे.

२ मार्च

तेजूच्या रक्ताचा अहवाल ठीक आला. डॉक्टर बाईंनी दादाला सांगितलं, दादाने आईला, आईने मला. मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले.

वहिनीचा फोन नाही. मीही केला नाही. काय विचारणार?

५ मार्च

चेहरा उकडल्यासारखा. डोळे उघडायला त्रास. मास्क लावून दुकानात आतल्या खोलीत काचा घासते. निकिताही आज मास्क लावून आली. बराच वेळ माझ्याशेजारी उगाच काचांचे डबे लावत राहिली आणि मग विचारलं, "त्या डॉक्टर कोणत्या वारी असतात गं?"

८ मार्च, रविवार

आई एकटी ओझरला जाऊन आली. आल्यावर पाय चेपत बसली.

"कशी आहे तेजू?"

"रडती लय. गाल सोलल्यावानी झालेत. स्नेहाच्या डोळ्याला डोळा नाय दहा दिवस."

"माझ्याबद्दल काही बोलली?"

"न्हाय."

"काहीच?"

"दिपे, तिला बोलायला टाईम हाय व्हय?" मग थोड्या वेळाने, "जायचं तर जा. बोलावण्याची वाट बघत बसलीस तर ती पोरगी लग्नाला येईल."

मी म्हणाले, मी गेले की तिला पुन्हा सगळं आठवेल. आई म्हणाली, "इसरली हाय कुठं ती?"

१५ मार्च, रविवार

आज ओझरला गेले. काही घेऊन गेले नाही. खाऊ, खेळणं, मलम, काहीही नको असं वाटलं. एसटीतून उतरल्यावर दोनदा परत फिरावंसं वाटलं.

दार वहिनीने उघडलं. या म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही, दार तसंच सोडून आत गेली. दादा कामावर होता. घरात पसारा, वाळत घातलेली दुपटी, ताटात सकाळचे पोहे सुकलेले. तेजू तिच्या कडेवर किंचाळत होती. हातांना मोजे, तरी खांद्यावर गाल घासत होती. गाल मला नीट पाहवले नाहीत, पण पाहिले.

मी भांडी घासली. कोणी सांगितलं नव्हतं. मग दुपट्यांच्या घड्या केल्या. वहिनी खोलीत फेऱ्या मारत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे. केस विंचरलेले नव्हते. अर्ध्या तासाने माझ्यासमोर थांबली. माझ्या चेहऱ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. माझेही गाल तसेच आहेत.

"तुम्हाला पण इतकं दुखतं?"

"हो. ती सांगू शकत नाही एवढाच फरक."

वहिनीने तेजूला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "तीन दिवस झाले, मला आंघोळ मिळाली नाही."

मी हात पुढे केले नाहीत. तिनेच तेजूला माझ्याकडे दिलं. द्यायच्या आधी एक क्षण थांबली, तेवढा क्षण मी मोजला नाही पण पुष्कळ मोठा होता.

तेजू माझ्याकडे येऊन आणखी रडली. गाल माझ्या खांद्यावर घासायला लागली, तर कपडा लागू नये म्हणून मी मधे हात घातला. नुकतीच भांडी घासली होती, हात थंड होता. तिने गाल तळव्यावर दाबला. रडणं मधेच अडकलं. मग तिने दुसरा गाल वळवून दाबला. मी भिंतीला टेकून खाली बसले. ती हुंदके देत देत झोपली, तोंड माझ्या तळव्यात.

मोरीतलं पाणी थांबलं. वहिनी ओल्या केसांनी दारात आली आणि शांतता ऐकून तिथेच उभी राहिली. तिचा चेहरा एकदम उतरला.

"काय लावलंत तिला?"

"काही नाही."

ती जवळ येऊन खाली बसली. तेजूचा गाल पाहिला, मग वाकून माझ्या बोटांचा वास घेतला. भांड्यांच्या साबणाशिवाय कसला वास असणार? पण तिने नीट घेतला, दोनदा.

"खरंच काही नाही, वहिनी."

ती भिंतीला टेकली. डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "मग राहू द्या हात तसाच."

माझी दोनची गाडी गेली. तीनची पण गेली. हाताला मुंग्या आल्या होत्या. त्या दोघी झोपल्या होत्या, म्हणून मी हात हलवला नाही.